यादीत ‘घर बंद’

मंगळवार, संध्याकाळ

येरवड्यातल्या वस्तीत मोतीबिंदूची पाहणी आज संपली. दाराला कुलूप असलं की दुसरी खेप घालायची, तेव्हाही कुलूपच असलं तर ‘घर बंद’ लिहून ते घर वगळायचं, हा आमचा नियम. शेवटच्या दारापाशी तेच लिहीत होतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, “अहो डॉक्टर, आजोबा आत आहेत की! दिसत नाही त्यांना, म्हणून सून कुलूप लावून कामाला जाते.”

म्हणजे बाकीच्या कुलपांमागे? आणि मोतीबिंदूचा आकडा कमी आला म्हणून मी सकाळी खूश होतो.

खिडकीतून हाक मारली. आजोबा म्हणाले, “परवाही आला होतात ना? पावलं ओळखली मी. तेव्हा हाक का नाही मारलीत?”

कुलूप दिसलं म्हणून, हे त्यांना कसं सांगणार?