चांगल्या वर्तणुकीचा दाखला

सासूबाई, माझ्या नानाय,

मी मेडिकल कॉलेजच्या मुलाखतीला चाललेय. "दोन लेकरांची आई, हिला आता कशाला डॉक्टर व्हायचंय?" असं सांगून तुम्ही चर्चच्या फादरना माझ्या दाखल्यावर सही करू दिली नाहीत, ते कळलं मला. शेवटी गावचा कारभार बघणाऱ्या कप्तानांनी केली. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मीच केलंय, तेव्हा त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही. "वर्तन उत्तम, नेहमी खरं बोलते," असं शिक्क्यासकट लिहून दिलंय.

नर्स म्हणून दुबईला मी जाणार नाही. तुमच्या मुलाला सांगून झालंय. शेजारणींना तुम्हीच सांगा, बातमी तुम्हीच पसरवली होतीत.

तिंतिनला ताप नाही, नुसती नाटकं आहेत, शाळेत पाठवा. धाकट्याला आल्याची पेज द्या. खारी मासळी मागेल, देऊ नका.

मुलाखतीत मला विचारतीलच, "तुम्ही शिकायला आल्यावर मुलं कोण बघणार?" "सासूबाई, आणि तेही राजीखुशीनं," असं मी ठणकावून सांगणार आहे.

दाखल्यावर काय लिहिलंय ते लक्षात आहे ना? मला खोटं पाडू नका.

रोविलिन