उलटली तरी तेच गाणं

आई, मामानं बोटीवरून येताना ती कॅसेट आणली तेव्हा मनवेलपाड्याच्या आपल्या खोलीत तू वाल सोलत बसली होतीस. एका बाजूला एकच गाणं, आणि उलटली तरी पुन्हा तेच. "फसवलंन हो कोणीतरी दादाला!" म्हणून तू हळहळलीस. एकच गाणं असं वेगळं विकायला काढतात, हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही.

गाणारे परदेशी, लांब केसांचे, साखळ्या घालणारे, एरवी कानठळ्या बसवणारे. या गाण्यात मात्र सुरुवातीला नुसती गिटार आणि एकाचा रडवेला आवाज. तुझे हात थांबतात. "कोणाला एवढं आळवतोय गो तो?" रुसलेल्या मैत्रिणीला, असं मी सांगणार तोच ड्रम सुरू होतात, गिटार गरजते, आणि तू मान डोलावतेस. "हां, आता आरती!" वालाच्या ओल्या हातांनी तू टाळ्यांचा ठेकाही धरतेस. आधी स्तोत्र, मग आरती, तुझ्या लेखी सगळं रीतसर होतं. मी हसून हसून बेजार झाले. पण पुढे शेजारच्या काकू भिंत ठोकायला लागल्या की तूच ओरडायचीस, "आरती अर्ध्यावर बंद करत नाहीत!"

मग कॉलेजच्या कार्यक्रमात तेच गाणं गायचं ठरलं. वाजवणारी सगळी मुलं, मी एकटी मुलगी. बाबा म्हणाले, "त्या टोळक्यात उभी राहून बोंबलायचं नाही." मी रडून रडून डोळे सुजवले. मला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. तू बाबांच्या पानात भात वाढता वाढता म्हणालीस, "आरतीला उभं राहायला कोणाला विचारतात का?" बाबांनी मान वर केली, तेवढ्यात तू वरण वाढलंस.

मी गायले. वसईच्या त्या हॉलमध्ये तू पुढच्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. ड्रम सुरू झाले आणि अख्ख्या हॉलमध्ये एकटी तू टाळ्या वाजवायला लागलीस. मुलं फिदीफिदी हसली. मला लाज वाटली, आणि तुझ्याबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की सूर हलला.

हे पत्र कुठेच जाणार नाही, कळतं मला. तरी एक सांगते. सुतक-बितक मी मानत नाही, त्यावरून तुझ्याशी किती भांडले. तू गेलीस तेव्हा ती कॅसेट लावावी असं फार वाटत होतं. पण तेरावं होईपर्यंत लावली नाही. सुतकात आरती करत नाहीत ना.