अस्वलासाठी कुठलं काडतूस, मामू?

प्रिय मामू,

सलाम. तू जाऊन अडीच महिने झाले आणि मी तुला आज पहिल्यांदा लिहितोय. आज उतरत्या दुपारी, असरच्या नमाजानंतर, आपला मालक, कफील अबू फहद दोन बंदुका गाडीत टाकून मला वाळूत घेऊन गेला. अस्वलाच्या शिकारीला कुठलं काडतूस न्यायचं ते आज ठरलं. हे तुला मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

आणि दुसरं म्हणजे, तुझी माफी मागायची आहे. तू जिवंत असताना ती माझ्या तोंडातून निघाली नाही.

मी कॉलेज सेकंड इयरला का सोडलं, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. नाझनीनच्या भावाने माझी चिठ्ठी एस.टी. स्टँडवर मोठ्याने वाचून दाखवली आणि मी त्याला तिथंच लोळवला. परीक्षेला आठवडा होता. परत कॉलेजात कुठल्या तोंडाने जाणार? अब्बा तर माझ्याशी बोलेनासे झाले होते. तेव्हा तूच व्हिसा पाठवलास. विमानतळावर मला बघून काय म्हणालास, आठवतं? "ये पहिलवान! इथे स्टँड नाही, एस.टी. नाही. बघू आता कुणाला मारतोस!"

अबू फहदच्या अकरा बंदुका, आणि त्या सांभाळणारा तू. बावीस वर्षं! नळीत सळई कशी फिरवायची, तेल किती लावायचं, काडतुसाचं पितळ उजेडात फिरवून चीर कशी शोधायची, सगळं मला शिकवलंस. मी शिकलो कमी आणि घाई जास्त केली. तू म्हणायचास, "पोऱ्या, बंदूक आहे ती, मोटरसायकल नाही."

मग कुवेतची लढाई आली. मलाझ मोहल्ल्यातल्या आपल्या खोलीच्या काचांवर तू चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारल्यास. अर्धी बिल्डिंग जेद्दाला पळाली. आपण दोघे गॅसचे मास्क खिळ्याला टांगून राहिलो. अबू फहदचं ऑफिस बंद, म्हणून त्याचे दोस्त दुपारपासून मजलिसमध्ये, त्याच्या बैठकीच्या खोलीत, येऊन बसायचे. बाजूला रेडिओवर रॉकेटच्या बातम्या चालू आणि ह्याच्या डोक्यात अस्वल! कुवेतच्या भानगडीत मागच्या मोसमातली बर्फाच्या मुलखातली शिकार हुकली होती ना. ईदनंतर जायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

त्या दिवशी त्याने तुला सगळ्यांसमोर विचारलं, "मोठ्या तपकिरी अस्वलाला कुठलं काडतूस?"

तू सरळ सांगितलंस, "तुमची जुनी थर्टी-ओ-सिक्स बंदूक. फक्त हरणाची हलकी गोळी नको. दोनशे वीस ग्रेन वजनाची जड गोळी घ्या, हाडावर न फुटणारी. खांद्यातून आत जाईल."

त्याचा तो जाडा दोस्त खो खो हसला. "हरणाची बंदूक? मग अस्वलाला खजूरच खाऊ घाला ना!"

सगळे हसले. अबू फहदचा चेहरा पडला. आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी कहव्याची किटली घेऊन उभा होतो. मामू, मला माहीत होतं तू बरोबर बोललास. तरी मी म्हणालो, "चारशे अठ्ठावन्न, हत्तीचं काडतूस. मोठ्या माणसाला मोठंच काडतूस शोभतं."

अबू फहद खूश! माझ्या पाठीवर थाप मारली. तोच मोका साधून मी ईदनंतरची रजा मागितली आणि तो "इन्शाल्ला" म्हणाला, हसून म्हणाला. पासपोर्ट त्याच्याकडे, घरी जाऊन परत यायच्या व्हिसावर सही त्याची. इथे आपल्या सगळ्यांना हीच एक अक्कल येते ना, की कफीलचा मूड चांगला असेल त्या घडीला मागून घ्यायचं? मी तर मूडही स्वतःच बनवला.

नाझनीनचं पत्र माझ्या खिशात होतं. तिच्या बापाने सांगितलं होतं, ईद झाल्यावर पंधरा दिवसांत मुलगा समोर येऊन उभा राहिला तर बोलू, नाही तर मुंब्र्याच्या स्थळाला हो म्हणतो. तुला हे मी का सांगितलं नाही? तू हसशील म्हणून. आता वाटतं, तू हसला नसतास.

खोलीवर आल्यावर तू चिडलास. मी तुला कधी तसा चिडलेला बघितला नव्हता.

"त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, ठाऊक नाही तुला? मोठ्या बंदुकीचा धक्का आठवून तो चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. मी बघितलंय."

"मग नेम चुकेल. आपलं काय जातं?"

"चुकला तर नशीब! पण पोटात लागली तर? मी गेलो होतो ना त्याच्याबरोबर त्या मुलखात? जखमी अस्वल झुडपात शिरतं आणि गप्प बसून राहतं. मग त्याच्या मागे आत कोण जातं? अबू फहद? तो गोरा वाटाड्या जातो, एकटा. त्याला पोरंबाळं नाहीत?"

हरायला लागलो की मी काय करतो, तुला माहीतच आहे. मी म्हणालो, "बावीस वर्षं दुसऱ्याच्या बंदुका पुसल्यास. स्वतः एक ससा तरी मारलास का? मला शिकवतोय!"

कानफटात का नाही मारलीस, मामू? मारायला हवी होतीस! तू स्टोव्ह बारीक केलास आणि म्हणालास, "जेवून घे." बस्स. तेवढंच. त्यानंतर तीन दिवस आपण एकाच ताटातून जेवलो, पण बोललो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी टेलिफोनच्या रांगेत होतो. नाझनीनच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायचा होता, रजा मिळतेय म्हणून सांगायला. लढाईमुळे लाइनी भरलेल्या. चार तास उभा राहिलो आणि लाइन लागलीच नाही. परत आलो तर ड्रायव्हर दारात. म्हणाला, बंदुकांच्या खोलीत स्टुलावर बसल्या बसल्या हार्टफेल होऊन तू गेलास. मांडीवर ती थर्टी-ओ-सिक्स होती. तिच्यासाठी ती दोनशे वीस ग्रेनच्या काडतुसांची पेटी तू मागवून ठेवली होतीस. पेटीवर तुझ्या हातची चिठ्ठी होती: "अस्वल. खांदा. घाई नको."

कुणी ऐकलं नव्हतं तरी मागवलीस? इतका कसा रे हट्टी तू!

असरला तुला दफन केलं. इथे कबरीवर नाव नसतं, तुला माहीतच आहे. दोन आठवड्यांनी परत गेलो तर तेवढ्यात कबरींची ओळ वाढली होती. दोन कबरींमध्ये माझा घोटाळा झाला. दोन्हींवर फातिहा पढून आलो. मामीला फोन लागायला बारा दिवस लागले. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "जाताना त्यांच्याजवळ तू होतास ना?" मी हो म्हणालो. हे दुसरं खोटं.

आता आजचं.

ईद झाली, अबू फहद पुढच्या आठवड्यात निघतोय. वाळूत पत्र्याचा डबा लावला. आधी मोठी बंदूक. पहिली गोळी कुठे गेली ते कळलंच नाही. दुसरीला मी डब्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघितलं. डोळे मिटलेले होते, मामू. चाप ओढायच्या आधीच. तू सांगितलंस अगदी तसंच. तो खांदा चोळत बसला, आणि मग म्हणाला, "तुझा मामू असता तर काय म्हणाला असता? खरं सांग."

माझा पासपोर्ट गाडीच्या खणात होता. सही झालेला, शिक्का मारलेला. सकाळीच त्याने दाखवला होता. परवाचं विमान. "ही बंदूक छान आहे, सवयीने जमेल" एवढं बोललो असतो तर परवा मी घरी होतो. नाझनीनच्या बापासमोर उभा होतो.

मी जीभ चावून धरली. खरंच चावली, रक्त आलं. मग सगळं बोललो. म्हणालो, मामूने बरोबर सांगितलं होतं. मजलिसमध्ये मी खोटं बोललो. रजेसाठी बोललो.

त्याने मोठी बंदूक बाजूला ठेवली. मग दुसऱ्या बंदुकीसाठी हात पुढे केला. मी तुझी पेटी उघडून थर्टी-ओ-सिक्स भरून दिली. तीन गोळ्या. तिन्ही डब्याच्या मधोमध, एका हाताच्या पंज्यात मावतील अशा. एकदाही डोळे मिटले नाहीत!

मला वाटलं, आता हा खूश होईल. त्याने बंदूक माझ्या हातात दिली आणि त्याच्या त्या हिंदी-अरबी खिचडीत म्हणाला, "खोटं बोलणारा पोरगा गेला असता तर मला फरक नव्हता. दुसरा आणला असता. पण आता तू माझ्याबरोबर येणार, अस्वलाच्या मुलखात. बंदुका तू सांभाळणार. आल्यावर बघू रजेचं. खलास." पासपोर्ट खणातून काढून त्याने आपल्या खिशात टाकला. रागाने नाही रे. मायेने! त्याला वाटतंय, त्याने मला बक्षीस दिलं.

मी गयावया केली. पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. तो गाडी चालवत राहिला.

नाझनीनच्या बापाची मुदत शुक्रवारी संपते.

मी रागावलोय, मामू. तुझ्यावर रागावलोय. तू बरोबर होतास आणि त्याची किंमत मला पडली. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

तुला एक वचन देतो. आज नाझनीनलाही पत्र लिहीन, उद्याच्या विमानाने जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती देईन. कफीलने अडकवलं, लढाई झाली, विमानं भरली, असलं काही लिहिणार नाही. तसं लिहिलं तर ती विश्वास ठेवेल, माझी दया करेल, कदाचित थांबेलसुद्धा. मी लिहीन की माझ्या पासपोर्टवर सही झाली होती आणि मी तोंड उघडलं म्हणून रजा गेली. का उघडलं, तेही लिहीन. मग तिने काय ते ठरवावं.

तुझा भाचा,
इक्बाल