न घातलेली वेणी

सूनबाई,

रात्रपाळी करून आत्ताच झोपलीस, म्हणून उठवलं नाही. अपंग-पेन्शनच्या फेरतपासणीला सरकारी दवाखान्यात निघाले आहे. दूध तापवायचं राहिलंय, पातेलं उचलवलं नाही.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी "कशा आहात?" विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "देवाच्या कृपेनं बरी आहे." तक्रार करायची नाही, हा माझा रोजचा नेम. त्यांनी तेच लिहिलं आणि अर्ज फेटाळला गेला. तू म्हणालीस, "बऱ्या आहात ना आई, मग बसा की शिलाई मशीनवर." तुझा राग खोटा नव्हता. या बोटांनी आता सुईत दोरा ओवला जात नाही, आणि घर तुझ्या एकटीच्या पाळ्यांवर चाललंय.

सकाळी पूजेत देवाला सांगितलं, आजच्यापुरता नेम मोडते. पण जीभ मेली सवयीची, आयत्या वेळी दगा देईल. म्हणून आज तुझ्याकडून वेणी घालून घेतली नाही. हात डोक्यापर्यंत जात नाहीत, हे निदान केस तरी सांगतील.

जाग आली की दवाखान्यात ये. मी पुन्हा "बरी आहे" म्हणाले, तर तू बोल. आणि कंगवा आण. अशा अवतारात मला परत यायचं नाही.

– आई