चुन्याच्या पाण्यात सात लिंबं

नयेली,

काल संध्याकाळी मी मका चुन्याच्या पाण्यात उकळून झाकून ठेवला होता. तू त्यात लिटमसचा कागद बुडवलास, तो निळा झाला म्हणून घाबरलीस आणि सात लिंबं पिळलीस. वर कोळशाने भिंतीवर 'उदासीन झालं' असं लिहूनही ठेवलंस. शाबास बाई.

अगं, ते पाणी आम्लारीच हवं असतं. त्यानेच दाण्याची सालं सुटतात आणि पीठ धरून राहतं. सकाळी धुताना साल सुटेना, तरी आशेने मका गिरणीत नेला. एलेउतेरियोकाकांनी दाणा चिमटीत चोळला आणि सगळ्या बायकांसमोर विचारलं, "होविता, आज पहिल्यांदाच चूल पेटवलीस का गं?" मी तुझं नाव सांगितलं नाही.

कांदेलारियाबाईंच्या नातवाचा बाप्तिस्मा दुपारी आहे आणि मक्याच्या तीनशे टोर्टिया भाजून द्यायचं मी कबूल केलंय. मावशीकडे पीठ मागायला चाललेय. तो मका कोंबड्यांना घाल, तवा तापवून ठेव, भिंत पूस.

तू रसायनाच्या ज्या जुन्या वहीतून पाठ करतेस, तिच्या सतराव्या पानावर मका आणि चुना दोन्ही आहेत. निदान पान तरी उलटायचंस. ते अक्षर माझं आहे. त्यापुढे वही कोरी आहे, कारण दुसऱ्या दिवशी आई गेली, माझी शाळा सुटली आणि चूल माझ्याकडे आली. पुढची पानं तू भर, पण माझ्या पातेल्याला हात लावू नकोस.

ताई