गार धूर

११ जानेवारी
चीज वितळलं! सगळं. जाळीतून ओघळून थेट निखाऱ्यांवर. मांस धुरवायची पेटी हौसेनं घेतली होती, आता तिच्यात डांबरी रस्ता झालाय.

ही मागच्या दारातून डोकावली. "वास सुटला असेल ना?" म्हटलं, जळका सुटलाय. "तुमची मजा आहे बाई!" म्हणाली आणि आत गेली.

त्या तापातून उठल्यापासून हिला वासच नाही. साबणाचा नाही, कॉफीचा नाही, नासलेल्या दुधाचाही नाही. डॉक्टर म्हणतात, "रोज उग्र वास देत राहा. आला तर येईल." एवढं तर मीही सांगितलं असतं. पण धुरवलेलं चीज म्हणजे हिचा जीव की प्राण. आला तर त्याचाच येईल, असं माझं डोकं. हिनं जेवण निम्म्यावर आणलंय. मला बघवत नाही.

१३ जानेवारी
कोपऱ्यावरच्या खाटकाकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही धूर देत नाही, भट्टी लावताय! विस्तव वेगळ्या डब्यात ठेवा, धूर नळीतून पेटीत आणा. पेटीला हात लावला तर गार लागली पाहिजे."

सॉसेजचं नाव काढलं तर दमच भरला. "त्याचं खास मीठ असतं, ते मीच लावून देतो. तुम्ही आपलं साधं मीठ लावून टांगाल, आणि काकूंना वासाऐवजी सलाईन!"

१७ जानेवारी
स्वयंपाकघरातल्या बंद एक्झॉस्ट पंख्याची पत्र्याची नळी उपटली. बिस्किटांच्या डब्याला भोक पाडलं. अंगठ्यालाही.

१८ जानेवारी
धूर सगळीकडे जातो. पेटीत सोडून.

२१ जानेवारी
जमलं! धूर गार, पेटी गार, चीज जागच्या जागी! गुंडाळून ठेवलं. म्हणे मुरावं लागतं.

२४ जानेवारी
चव बघितली. डिंक! भुसा सुताराकडून आणला होता. खाटकाला दाखवला, तर त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, हा प्लायवूडचा! तुम्ही चीजला टेबलाचा धूर दिलात!"

सगळं फेकलं. मांजरानंही तोंड फिरवलं. खाटकानं सफरचंदाच्या लाकडाचा भुसा दिला, वर उपदेशही.

२८ जानेवारी
नवा भुसा पेटवला. ही मागच्या दारात येऊन उभी राहिली. नाक वर करून, बराच वेळ. मग म्हणाली, "अहो... येतोय."
काय येतोय?
"वास. धुराचा. अगदी जरासा."

मी मटकन तिथंच डब्यावर बसलो. डबा तापलेला होता. पँट गेली. रडलो मी, अगदी हुंदके देऊन. ही म्हणाली, "जास्त भाजलं का?"

१ फेब्रुवारी
लेकीला फोन केला, डॉक्टरांना केला, खाटकाला तर दुकानात जाऊन सांगितलं. त्यानं गिऱ्हाईक सोडून हात मिळवला. हात मटणाचा होता, पण असू दे.

ही म्हणते, "एवढा गवगवा कशाला?" म्हणजे काय! गवगवा आता नाही करायचा तर कधी?

आता रोज धूर. रोज ही दारात येते आणि सांगते, "कालच्यापेक्षा जास्त येतोय हं." जेवतेही पोटभर. माझ्या अंगाला मात्र आंघोळीनंतरही धुराचा वास मारतो, असं शेजारचे म्हणतात.

५ फेब्रुवारी
खाटकानं मीठ लावून दिलेली सॉसेज सकाळी टांगली, भुशाला काडी लावली आणि बाजारात गेलो. परत आलो तर हिनंच दार उघडलं. "अहो, आज काय घमघमाट सुटलाय! घरभर!"

मागे गेलो. डबा उघडला. भुसा ओला होता. पेटलाच नव्हता. काडीपुरता एक काळा ठिपका, बस्स. पेटीतही धुराचा मागमूस नाही.

सॉसेज काढून फ्रिजमध्ये ठेवली. ही माझ्या तोंडाकडे बघत होती. "सुटलाय ना?"

म्हटलं, हो. आज फारच सुटलाय.