मशीनला नमस्कार

प्रिय बाळ्या,

फोनवरच बोलले असते, पण तू माझं बोलणं मध्येच तोडतोस आणि मग मी चिडते. पत्रात तुला गप्प बसावंच लागेल. तुझं लग्न जमत आलंय, त्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी इकडचं ऐक.

इकडे परदेशातही महागाईने सगळ्यांचंच कंबरडं मोडलंय. आम्ही तिघी एका खोलीत राहतो. हीटर आंघोळीपुरता लावतो, बाकी वेळ स्वेटरवर स्वेटर चढवून कोबीच्या गड्ड्यासारख्या बसतो. देव ठेवायला सपाट जागा एकच, फ्रिजचा माथा. तिथे आपले देव आणि माझ्यासोबत राहणाऱ्या स्वयंपाकीणबाईंचा धर्मग्रंथ शेजारी शेजारी नांदतात. सकाळी आधी त्यांची प्रार्थना, मग माझी पूजा. तिसरी देव मानत नाही, ती तेवढ्या वेळात चहा करते. तिघींचं झकास जमतं.

माझं काम तुला ठाऊकच आहे. हॉस्पिटलच्या धुलाईघरात फाटलेल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे गाऊन शिवते. गेल्या महिन्यात वरून हुकूम आला, शिवणाऱ्या चौघींपैकी तिघीच ठेवायच्या आणि ते आठवडाभराच्या कामावरून ठरवायचं. हे काम गेलं तर इथे राहायचं कशावर? आणि नेमका त्याच आठवड्यात घोळ झाला. मशीनवर बसण्याआधी मी त्याला हात लावून तो कपाळाला लावते, ही आईची सवय. नवा सुपरवायझर चार दिवस बघत होता. त्याला वाटलं, मशीन तापतंय आणि बाईचा रोज हात भाजतोय! भला माणूस, मला न विचारताच त्याने मेकॅनिक बोलावला. मी जेवून येते तर माझं मशीन सुटं होऊन टेबलावर पसरलेलं.

मोडक्यातोडक्या भाषेत सुपरवायझरला समजावलं, की हे बिघडलेलं नाही, हे मला जेवू घालतं म्हणून मी त्याच्या पाया पडते. तो म्हणाला, आणि तरीही बिघडलं तर? मी म्हटलं, मग मेकॅनिकच्या पाया पडेन. मेकॅनिक इतका हसला की त्याच्या हातून स्क्रू पडला आणि तो शोधण्यात आणखी तास गेला. मी रडत बसले नाही. दीड दिवस हाताने शिवलं, आईने शिकवलेला बारीक टाका घालून. तपासणाऱ्या बाईंनी चादर उजेडात धरली तरी त्यांना रफू सापडेना. बाळ्या, मला ठेवून घेतलं! जी गेली तिच्यासाठी जीव तुटला, पण खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मी रस्त्यातून मान ताठ ठेवून चालले. देवाला म्हटलं, बळ तू दिलंस, पण टाका माझा होता.

हे सगळं मुद्दाम सांगितलं. परवा तुझ्या होणाऱ्या बायकोचा फोन आला होता. गोड पोरगी आहे. विचारत होती, ताई, ऑपरेशनच्या वेळी तुम्हाला भीती नाही वाटत? मला आधी कळेचना. मग उमगलं, तू तिच्या घरी मला नर्स करून टाकलंयस. आवाज येत नाही असं सांगून मी फोन ठेवला, आणि तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. नर्सचं काम मोठं, पण ते माझं नाही. रविवारी ती पुन्हा फोन करणार आहे. त्याआधी तू तिला खरं सांग. लग्न मोडेल अशी धास्ती वाटत असेल तर वाटू दे. मला विचारशील तर पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, चांगलं तिखटमीठ लावून सांगेन. आणि सांगताना, बाळ्या, लाजून आवाज खाली आणू नकोस.

तुझीच,
चादरी शिवणारी ताई